न पाहिलेलं मांडू

"काय मग, मांडू कसं होतं?" मंगळवारी हापिसात कॉफी मशीनपाशी पहिला प्रश्न हाच आला.

"पाहिलंच नाही."

"मग तीन दिवस केलंस काय?"

"खाल्लं. आणि गप्पा मारल्या."

यावर समोरच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर आमच्याकडे फक्त टेस्टिंग न करता कोड पुढे ढकलणाऱ्याच्या वाट्याला येते. कारण मी कोण आहे हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे. सहलीला निघण्याआधी एक्सेल शीट बनवणारा माणूस. आठ कॉलम. ठिकाण, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, अंतर, तिकीट, जेवण कुठे, पर्यायी जेवण कुठे, आणि शेरा. या वेळच्या फाइलचं नाव होतं 'मांडू-महेश्वर, आवृत्ती ४'. एकट्याच्या सहलीसाठी चार आवृत्त्या! हसू नका, तुमच्यातल्याही काही जणांकडे अशा फायली असणार, मला ठाऊक आहे.

तर झालं असं. २६ जानेवारीला जोडून लांब वीकेंड मिळाला. शुक्रवारी रात्री पुण्याहून बस, शनिवारी इंदूर, तिथून महेश्वर. महेश्वर शीटबरहुकूम पार पडलं. घाट छान, नर्मदा छान, अहिल्याबाईंचा वाडा छान. घाटावर वीस मिनिटं जास्त बसलो, ती परतीच्या चहातून वळती केली. (हो, खरंच केली.) रात्री मुक्काम इंदूरला. रविवारी पहाटे साडेसहाला मांडूसाठी टॅक्सी ठरवलेली होती. साडेसहा वाजले, सात वाजले, ड्रायव्हरचा फोन बंद. साडेसातला निरोप आला की गाडी बिघडली आहे, दुसरी गाडी बारापर्यंत पाठवतो. झालं! एका ओळीत सगळी शीट कोसळली.

धारमार्गे एस्टीसारख्या बसने जाता आलं असतं. पण मांडू इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, बदलत बदलत दुपारी पोचणार आणि अंधार पडायच्या आत परत फिरणार. जहाज महाल धावत बघायचा, रूपमतीचा मंडप धावत बघायचा, फोटो काढायचे. आता आवृत्ती ५ बनवायची म्हणून मी राजवाड्याजवळच्या एका पोह्याच्या गाडीपाशी उभा राहिलो, एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात फोन.

इंदूरच्या पोह्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आपल्या पोह्यांची सवय असलेल्या माणसाला पहिला घास जरा फिका लागतो. फोडणीची चुरचुर नाही, खोबरं नाही. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि त्याच्या वाफेवर पोह्यांची परात, त्यामुळे पोहे सकाळभर गरम आणि मऊ राहतात. बडीशेपेचा किंचित गोडसर वास. मग वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू, आणि मुख्य म्हणजे जीरावन. हा तिथला खास मसाला, आंबट, खारट, तिखट, सगळं एकदम. आणि सोबत जिलबी. पोह्यांनंतर नव्हे हं, पोह्यांबरोबर. एक घास याचा, एक तुकडा तिचा.

मी पोहे गिळत होतो आणि आईला फोनवर सांगत होतो की गाडी आली नाही, दिवस वाया गेला. फोन ठेवला तर शेजारून आवाज आला, "पुण्याचे का?"

सत्तरी ओलांडलेले एक काका. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात बशी. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "'दिवस वाया गेला' असं पोहे खाताना म्हणू नये. इथे पाप लागतं." मग माझी सगळी कर्मकथा ऐकून घेतली आणि निकाल दिला, "मांडू कुठे पळून जात नाही. पाच-सहाशे वर्षं तिथंच आहे. आणि मांडू बघायचं ते पावसाळ्यात. जानेवारीत काय आहे तिथे? दगड." हे अर्थातच साफ खोटं होतं, पण त्या क्षणी फार सोयीचं होतं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. दर रविवारी त्यांचा तिघांचा कंपू याच गाडीवर जमतो. एक मराठी, एक माळवी, एक सिंधी. बोलणं हिंदीत, भांडण कुणाच्या भाषेत होईल ते सांगता येत नाही. एकमेकांना "भिया" म्हणतात. त्या दिवशीच्या वादाचा विषय होता क्रिकेट, पण आजचं नव्हे. होळकर संघाचं! चार वेळा रणजी जिंकलेला संघ, सी. के. नायडूंचा संघ. १९४६ साली म्हैसूरविरुद्ध एका डावात ९१२ धावा, त्यात सहा जणांची शतकं. मला हे काहीही माहीत नव्हतं. काकांच्या वडिलांनी नायडूंना खेळताना पाहिलं होतं, आणि ती आठवण काकांनी इतक्या हक्काने सांगितली की जणू स्वतःच तेव्हा स्लिपमध्ये उभे होते. मी मधे एकदा फोन काढून आकडा तपासला. आकडा बरोबर निघाला आणि मी ओशाळलो. त्यानंतर फोन खिशात गेला तो दुपारपर्यंत तिथेच राहिला. आवृत्ती ५ काही जन्माला आली नाही.

पुढचा दिवस सविस्तर सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात फारसं काही 'घडलं' नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उन्हात बसलो. होळकरांच्या त्या छत्र्या माझ्या शीटमध्ये सोमवारी १०.४० ते ११.०० अशा होत्या. आम्ही तिथे दीड तास बसलो आणि त्यातली पाच मिनिटं छत्र्या बघितल्या. मग काका म्हणाले, "जेवायला घरी चल." एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. मी दोनदा नको म्हटलं, जसं म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण मधे 'बाफले' हा शब्द आला.

बाफले म्हणजे बाट्यांचे माळव्यातले भाऊ. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे, आणि वर डाळ. उकळल्यामुळे आत मऊ, भाजल्यामुळे वर खुसखुशीत. दोन खाल्ले की माणूस बोलायचा थांबतो आणि तीन खाल्ले की बसल्या जागी झोपतो. मी साडेतीन खाल्ले.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण प्रवासवर्णनांमध्ये ती हमखास गाळलेली असते. 'अनोळखी घरात प्रेमाने जेवू घातलं' हे वाक्य लिहिणारा जेवणारा असतो. कणीक मळणारा नसतो. माझा अनपेक्षित सुंदर दिवस म्हणजे काकूंचा अनपेक्षित वाढलेला स्वयंपाक होता. काकांनी फोन करून "पाहुणा आणतोय" म्हटलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मला हे जेवताना जाणवलं, आणि मी काकूंना म्हटलंही की तुम्हाला उगाच त्रास दिला. त्या म्हणाल्या, "त्रास कसला. दोघांसाठी कोण बाफले करतं? इतका घाट दोन माणसांसाठी घालवत नाही. दिवाळीनंतर आज केले."

बस. एवढंच. मुलगा कुठे, मुलगी कुठे, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्या वाक्यापुढे माझ्या आठ कॉलमांपैकी एकही टिकला नाही. दोघांचे बाफले होत नाहीत. तिसरा माणूस लागतो. त्या रविवारी तो तिसरा माणूस होण्यासाठी मला फक्त रिकामं असायला हवं होतं, आणि रिकामा मी स्वतःहून कधीच झालो नसतो. टॅक्सी बिघडावी लागली.

(जेवल्यावर भांडी मात्र मी घासली. काका म्हणाले राहू दे, काकू म्हणाल्या घासू दे. काकूंचं ऐकलं.)

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. सांगतात की रात्री वर्दळ राहिली म्हणजे दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं. खरंखोटं माहीत नाही, पण सिस्टिम डिझाइन म्हणून मला एकदम पटलं :) फुकटात चोवीस तास मॉनिटरिंग!

काका रात्री बाहेर पडत नाहीत. निरोप घेताना त्यांनी एक सल्ला दिला, "सराफ्यात एकट्याने खायचं नसतं. पैशांचं नाही, पोटाचं गणित आहे." हे गणित मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. भुट्ट्याचा किस आहे, म्हणजे किसलेला मका दुधात शिजवलेला, मिरचीचा झटका असलेला. थंडीतला गराडू आहे, तळून वर जीरावन आणि लिंबू मारलेला. साबुदाण्याची खिचडी आहे, शेव-चिवडा घालून समोर कालवून देतात ती. मावाबाटी आहे, शिकंजी आहे (लिंबाची नव्हे, इथली शिकंजी दुधाची, घट्ट, केशर घातलेली), आणि ताटलीएवढी एक जिलबी आहे जिला जिलबी म्हणणं कमीपणाचं वाटतं म्हणून तिला 'जलेबा' म्हणतात. आणि माझं पोट एक. त्यात साडेतीन बाफले आधीच मुक्कामाला.

मी त्या जलेब्याकडे बघत उभा होतो तेव्हा बाजूचे दोघेही तसेच बघत उभे होते. एकाने विचारलं, "तीन में करें क्या?" झालं, टीम तयार. दोघेही औषध कंपन्यांचे एमआर निघाले. एक नागपूरचा, एक रतलामचा, तेही एकमेकांना त्याच संध्याकाळी लॉजवर भेटलेले. तिघांत एकेक प्लेट घेत आम्ही सगळी गल्ली पालथी घातली. एकट्याने दोन पदार्थ झाले असते, तिघांत सात झाले.

मी जरा भारावून म्हटलं, एकट्याने फिरायची मजा काही औरच. नागपूरकराने गराडूचा तुकडा तोंडात टाकत माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "भाऊ, मी महिन्यातून वीस दिवस एकटा जेवतो. कसली मजा? भिंतीकडे तोंड करून जेवायचं आन् झोपायचं. आज तुम्ही भेटले म्हणून जेवल्यासारखं वाटून राहिलं."

मला वाटतं, 'सोलो ट्रॅव्हल'वरच्या सगळ्या चकचकीत लेखांना हे एक वाक्य पुरेसं उत्तर आहे. एकटं असण्यात स्वतःत काही जादू नाही. एकटं असण्याचा फायदा एकच, शेजारची खुर्ची रिकामी असते. चार मित्र मिळून गेले की ते एक बंद खोली घेऊनच हिंडतात. बाहेरच्याने दार वाजवायचं तरी कुठे? एकट्या माणसाला मात्र लोक विचारतात, "कुठले?" पण ती रिकामी खुर्ची फोन ठेवायला वापरली तर मग एकटं जाऊन मिळवलं काय? शनिवारी महेश्वरला मी एकटाच होतो, आणि दिवसभरात कुणाशी किंमत विचारण्यापलीकडे बोललो नाही. कारण माझ्या शेजारी सतत ती शीट बसलेली होती.

आणि खाणं यात का येतं? कारण अनोळखी माणसाशी बोलायला याहून सोपा विषय नाही. "इथे काय चांगलं मिळतं?" हा प्रश्न विचारला की समोरचा क्षणात तज्ज्ञ होतो आणि तुम्ही विद्यार्थी. कुणालाही तज्ज्ञ व्हायला आवडतं. हाच प्रश्न आपण हल्ली फोनला विचारतो. उत्तर कदाचित अधिक अचूक मिळतं, पण फोन तुम्हाला जेवायला घरी नेत नाही.

आता आक्षेप. हे लिहून झाल्यावर एका सहकारी मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "छान आहे. पण मी अनोळखी काकांच्या घरी गेले असते का? रात्री बारा वाजता दोन अनोळखी एमआरबरोबर जलेबा खाल्ला असता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती एकटीने भरपूर फिरते, माझ्याहून जास्त. पण तिची शीट माझ्यासारखी हौसेची नसते. शेवटची बस किती वाजता, लॉज कुठल्या रस्त्यावर, अंधार कधी पडतो, हे तिला आधी ठरवावंच लागतं. तेव्हा 'प्लॅन फेकून द्या, बिनधास्त निघा' असं सगळ्यांना सांगणारा मी कोण? माझ्या बिनधास्तपणात माझं कर्तृत्व काही नाही, तो मला फुकट मिळालेला आहे. खिशात पैसे होते, परतीचं तिकीट होतं, आणि मी पुरुष होतो. टॅक्सी बिघडणं हे मला गंमत म्हणून परवडलं.

आणि प्लॅन टाकाऊ आहे असंही माझं म्हणणं नाही. हिमालयात ट्रेकला जाताना किंवा दिवाळीत रेल्वेने जाताना जो 'बघू जमेल तसं' म्हणतो तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही संकटात टाकतो. माझं म्हणणं इतकंच की चांगल्या प्लॅनमध्ये रिकामी जागा मुद्दाम ठेवावी लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले हिला बफर म्हणतो. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये बफर नसेल तर मॅनेजरला वेड्यात काढतो, आणि स्वतःच्या सुट्टीत मात्र १०.४० ते ११.०० छत्र्या! प्रोजेक्टमधला बफर काहीतरी बिघडेल म्हणून ठेवतात. सहलीतला बफर काहीतरी चांगलं घडेल म्हणून ठेवायचा, एवढाच फरक.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते आता सांगतो.

२०१९ साली मी आईबाबांना बदामी, ऐहोळे, पट्टदकलला घेऊन गेलो होतो. शीट अर्थातच होती. बदामीजवळ बनशंकरीच्या देवळाबाहेर गावातल्या बायका टोपल्यांत ज्वारीच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही घेऊन बसतात. बाबा तिथे थांबले. एका आजींशी मोडक्यातोडक्या कानडीत बोलायला लागले. बाबांची नोकरीची पहिली काही वर्षं सीमाभागात गेली, तेवढं कानडी त्यांना येतं. त्यांना तिथेच खाली बसून जेवायचं होतं. मी घड्याळ दाखवलं. दोन वाजता ऐहोळे, आणि जेवणाचं आधीच दुसरीकडे ठरलेलं. बाबा काही न बोलता गाडीत येऊन बसले.

ऐहोळेचे माझ्याकडे १४० फोटो आहेत. त्यातलं कुठलं देऊळ कुठलं ते आज मला सांगता येणार नाही. बाबा मात्र अजून त्या न खाल्लेल्या भाकरीचा विषय काढतात. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं "काय मऊ होती रे" असं. न खाताच मऊ! त्यानंतर मी दोनदा सहलीचं विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. तुझ्याबरोबर सहल म्हणजे ड्युटी." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

इंदूरच्या त्या पोह्याच्या गाडीवर, काकांच्या स्लिपमधल्या गप्पा ऐकताना, माझ्या एकदम लक्षात आलं की मी आत्ता जे करतोय तेच बाबांना बनशंकरीला करायचं होतं. त्यांना बिघडलेल्या टॅक्सीची गरज नव्हती. त्यांना ते आपसूक येत होतं, आणि मी मधे आलो.

परत आल्यावर बाबांना फोन केला. मांडू राहिल्याचं सांगितलं, बाफल्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घाईत नव्हतास ना?" म्हटलं, नव्हतो.

मग म्हटलं, बदामीला जाऊ या पुन्हा. ऐहोळे वगैरे काही नाही. सकाळी बनशंकरी, भाकरी. बस.

ते अजून हो म्हणालेले नाहीत. म्हणाले, "आधी शीट दाखव."

काल रात्री बनवून पाठवली. एकच ओळ आहे. वेळेचे दोन्ही कॉलम काढून टाकले आहेत. बघू.